बेली गारदच्या आत आणि बाहेर

लखनौत ‘रेसिडेन्सी’ म्हटलं तरी पोहोचता येतं, पण जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘बेली गारद’ हेच नाव आहे. आमच्या रिक्षावाल्या चाचांनी तेच घेतलं. माझ्या मुलीला, जी आता नववीत आहे, ते एखाद्या मिठाईचं नाव वाटलं. मी तिला सांगितलं की जॉन बेली नावाचा एक इंग्रज रेसिडेंट नवाब सआदत अली खान यांच्या दरबारी होता आणि त्याच्या पहारेकऱ्यांच्या, म्हणजे ‘गार्ड’च्या, नावानं हा दरवाजा ओळखला जाऊ लागला. ‘गार्ड’चं ‘गारद’ झालं. आपल्या मराठीत तोच शब्द पहाऱ्याच्या तुकडीसाठी वापरला गेला आहे. नवाबाचं आणि या बेलीचं कधी पटलं नाही, तो कारभाराच्या प्रत्येक गोष्टीत नाक खुपसत असे. दोनशे वर्षांनंतर नवाबाचं नाव किती जणांना आठवतं ठाऊक नाही, बेलीचं मात्र रिक्षावाल्यांच्या तोंडी टिकून आहे.

दरवाजाच्या कमानीपाशीच भिंतीला खड्डे दिसू लागतात. बंदुकीच्या गोळ्यांचे लहान, तोफगोळ्यांचे हातभर मोठे. आतमध्ये सुमारे ३३ एकरांचं आवार, हिरवळ, मोठाली झाडं आणि त्यांच्यामध्ये छप्पर नसलेल्या लाखोरी विटांच्या इमारती. खजिन्याची इमारत, मेजवानीचा दिवाणखाना, डॉक्टर फेररचं घर, बेगम कोठी, मशीद आणि इमामबाडा, चर्चचा पाया आणि त्याभोवतीचं कब्रस्तान. सकाळी फिरायला येणारी माणसं, एखाद्या पडक्या खिडकीत बसलेली तरुण जोडपी. पहिल्यांदा येणाऱ्याला ही एक छान बाग वाटते आणि तसं वाटण्यात त्याची चूक नाही. ही बागच आहे. ती कशी झाली, हे मात्र आतल्या एकाही पाटीवर मला नीट वाचायला मिळालं नाही.

महाराष्ट्रात १८५७ म्हटलं की झाशी, बिठूरचे नानासाहेब आणि तात्या टोपे. अवध आपल्या डोक्यात फारसा नसतो. बेगम हजरत महल यांचं नाव यादीत येतं आणि पुढचं नाव सुरू होतं. पण सर्वांत लांबलेला, सर्वांत जास्त सामान्य माणसांना ओढून घेणारा लढा झाला तो इथंच. त्याचं कारणही साधं आहे. कंपनीच्या बंगाल फौजेतले शिपाई मोठ्या संख्येनं अवधच्या गावांमधले. १८०१ च्या तहात कंपनीनं नवाबाकडून निम्मं राज्य काढून घेतलं होतं, उरलेलं फेब्रुवारी १८५६ मध्ये डलहौसीनं ‘गैरकारभार’ म्हणून खालसा केलं. वाजिद अली शाह कलकत्त्याला मटियाबुर्जला गेले. दरबारावर जगणारे कारागीर, शिपाई, वाद्यवाले, नोकर रस्त्यावर आले. तालुकदारांच्या जमिनी गेल्या. शिपायाच्या दृष्टीनं तर त्याच्या स्वतःच्या घराचं राज्य त्याच्याच मालकानं गिळलं होतं. नुसत्या काडतुसांच्या गोष्टीनं अवध समजत नाही. आम्ही शिक्षक वर्षानुवर्षं काडतुसांवरच अडकून राहतो, त्यात मीही आलो.

आता लढाईकडे येतो. सर हेन्री लॉरेन्स मार्च १८५७ मध्ये लखनौला चीफ कमिशनर म्हणून आला. वादळ येणार हे त्याला दिसत होतं. त्यानं रेसिडेन्सीत धान्य, दारूगोळा साठवला, आवाराभोवती खंदक आणि मोर्चे बांधायला घेतले. ३० मे रोजी छावणीत उठाव झाला. ३० जून रोजी लॉरेन्स शहराबाहेर चिनहटला बंडवाल्यांना अडवायला गेला आणि सपाटून हरला. बरकत अहमद यांच्या हाताखालचे शिपाई शिस्तीत लढले. मौलवी अहमदुल्लाह शाह त्या लढाईत जखमी झाले. पळत आलेली इंग्रज फौज रेसिडेन्सीत शिरली आणि त्याच दिवसापासून वेढा पडला.

आत होती सुमारे ३,००० माणसं. लढणारी १,७०० च्या आसपास, बाकी बायका, मुलं, नोकरचाकर. दुसऱ्याच दिवसांत, २ जुलैला, लॉरेन्स आपल्या खोलीत असताना तोफगोळा फुटला. ४ जुलैला तो डॉक्टर फेररच्या घरात मेला. कब्रस्तानात त्याची साधी कबर आहे. आपलं कर्तव्य करण्याचा प्रयत्न करणारा माणूस इथे आहे, एवढंच लिहावं असं त्यानं मरताना सांगितलं होतं आणि तेच लिहिलं आहे.

याच लॉरेन्सची एक गोष्ट मी मुलीला मुद्दाम सांगितली. मोर्चे बांधताना त्याच्या इंजिनिअरांनी आग्रह धरला होता की आवाराला खेटून असलेली घरं आणि मशिदी पाडाव्यात, नाहीतर शत्रू तिथून आपल्यावर गोळ्या झाडेल. काही घरं पाडली गेली. मशिदी आणि देवळं यांना हात लावू नका, असा मात्र लॉरेन्सचा हुकूम होता. इंजिनिअरांचं म्हणणं पुढे खरं ठरलं. भिंतीपलीकडच्या इमारतींमधून महिनोन्महिने गोळ्या येत राहिल्या आणि आत वेढ्यात सापडलेल्यांपैकी अनेकांनी आपल्या रोजनिशांमध्ये या दयाळूपणाबद्दल लॉरेन्सला दोष दिला.

“मग तो चांगला होता का, अब्बा?” मुलीनं विचारलं.

मी म्हटलं, हा प्रश्न संध्याकाळपर्यंत बाजूला ठेव.

मुख्य इमारतीत संग्रहालय आहे. आवाराची वेढ्याच्या वेळची एक प्रतिकृती आहे, ती पाहिल्याशिवाय बाहेरचे अवशेष बघू नयेत. खाली तहखाना आहे, तिथे इंग्रज बायकामुलांना ठेवलं होतं. पावसाळा, अंधार, कॉलरा, देवी. एका खोलीत सुझाना पामर नावाच्या मुलीची पाटी आहे. १ जुलैला, म्हणजे वेढ्याच्या पहिल्याच दिवसांत, तोफगोळ्यानं ती त्या खोलीत मेली. वय १९ चालू होतं. माझी मुलगी त्या पाटीसमोर बराच वेळ उभी राहिली. मी तिला पुढे चल म्हटलं नाही. इतिहासाच्या नावाखाली मुलांना एवढंच शिकवायचं असेल की समोरच्याचं मेलेलं पोर मोजू नका, तर त्यांना घरीच ठेवलेलं बरं. जुलैमध्ये कानपूरला इंग्रज बायकामुलांची कत्तल झाली होती, त्याची खबर आत आली होती. तहखान्यात बसलेल्या आयांना कशाची भीती वाटत असेल हे ओळखायला इंग्रज असावं लागत नाही.

एक तपशील शिक्षक म्हणून मला विशेष भिडला. लखनौच्या ला मार्टिनियर शाळेतले साठाहून अधिक मुलगे आपल्या मुख्याध्यापकांसोबत आत होते. ते दळण दळत, निरोप पोहोचवत, आजाऱ्यांना वारा घालत, थोरल्यांच्या हाती बंदुकाही होत्या. त्यांच्या मोर्चाला आजही शाळेचं नाव आहे. शाळा अजून चालू आहे आणि तिला हा मान मोठा वाटतो. भिंतीपलीकडेही त्याच वयाची मुलं असणारच. त्यांच्या मदरशांची, उस्तादांची नावं कुठल्या मोर्चाला लागली नाहीत.

बाहेर आलो तेव्हा एका स्तंभापाशी मुलगी थांबली. १८७५ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी उभारलेला हा स्तंभ रेसिडेन्सीचं रक्षण करताना मेलेल्या देशी अंमलदारांचा आणि शिपायांचा आहे. ती चक्रावली. “आपले लोक आत पण होते?”

होते. लढणाऱ्या १,७०० पैकी सुमारे ७०० हिंदुस्थानी शिपाई होते. हिंदू, शीख, काही मुसलमान, लॉरेन्सनं गावांमधून बोलावून घेतलेले म्हातारे पेन्शनर. बेली गारद दरवाजा सांभाळला तो लेफ्टनंट एटकेनच्या हाताखालच्या १३ व्या देशी पलटणीच्या शिपायांनी. भिंतीपलीकडून त्यांच्याच गावचे, त्यांच्याच पलटणींमधले लोक त्यांना हाका मारत होते, या, फिरंग्यांसाठी का मरता. बहुतेक गेले नाहीत. त्यांनी असं का केलं, याचं एकच उत्तर देणारा माणूस मला थापाड्या वाटतो. पेन्शन, मीठ खाल्ल्याची भावना, अधिकाऱ्यावरचा जीव, बाहेर कोण जिंकेल याचा अंदाज, यांतलं काय कुणाच्या मनात किती होतं हे त्यांनी लिहून ठेवलेलं नाही.

त्यांना काय मिळालं? २५ सप्टेंबरला हॅवलॉक आणि आउट्रम यांची फौज शहरातून लढत, शेकडो माणसं गमावत बेली गारदशी पोहोचली. त्या गर्दीत स्कॉटिश सैनिकांना समोर काळे चेहरे दिसले. त्यांनी दरवाजा राखणाऱ्या याच शिपायांपैकी काहींना बंडवाले समजून संगिनींनी भोसकलं. सत्त्याऐंशी दिवस ज्यांच्यासाठी पहारा केला त्यांच्याच मदतीला आलेल्यांनी. वाचलेल्यांना बढत्या मिळाल्या, त्यांच्यातून पुढे लखनौच्या नावाची एक पलटण निघाली आणि अठरा वर्षांनी हा स्तंभ. आत आलेली फौजही मग वेढ्यातच अडकली, सुटका नोव्हेंबरपर्यंत झाली नाही.

आणखी एक जोडी आहे. नोव्हेंबरमध्ये कॉलिन कॅम्पबेलची फौज शहराबाहेर आली तेव्हा तिला वाट दाखवायला थॉमस कॅव्हना नावाचा कारकून तोंडाला काजळी फासून, देशी कपडे घालून रात्री बाहेर पडला. हा कारकून सैनिक नव्हता, तरी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच्यासोबत वाट दाखवणारा, शहर ओळखणारा, पहारेकऱ्यांशी बोलणारा होता कनौजी लाल. तोच आधी बाहेरून निरोप घेऊन आत आला होता. त्याला इनाम मिळालं. क्रॉस मात्र ज्यानं वेषांतर केलं त्याला, ज्याला वेषांतराची गरजच नव्हती त्याला नाही. अंगद नावाचा एक पेन्शनर तर पुन्हा पुन्हा वेढा ओलांडून निरोपांची ने-आण करत होता. एवढ्या पाट्यांमध्ये ही नावं शोधून पाहा.

आता भिंतीबाहेर जाऊ. खरी अडचण इथून सुरू होते, कारण रणभूमीला दोन बाजू असतात आणि जपलेली एकच आहे.

बाहेर काय होतं? जुलैच्या पहिल्या आठवड्यात अकरा-बारा वर्षांच्या बिरजीस कद्रला गादीवर बसवलं गेलं आणि कारभार त्याची आई बेगम हजरत महल पाहू लागली. शिपायांचे अंमलदार, राजा जय लाल सिंह यांच्यासारखे सरदार, तालुकदारांची माणसं, मौलवी अहमदुल्लाह शाह यांचे अनुयायी आणि शहरातले सामान्य लोक असा तो जमाव होता. वेढ्याच्या मध्येच ऑगस्टच्या अखेरीस मोहरम आला, तोही लखनौसारख्या शहरात. जमिनीखाली वेगळीच लढाई चालू होती. खोदकामात पटाईत असलेले पासी समाजाचे लोक बाहेरून सुरुंग खणत, आतून कॅप्टन फुल्टन कान लावून ऐके आणि समोरून उलटा सुरुंग काढी. २० जुलै, १० ऑगस्ट, १८ ऑगस्ट, ५ सप्टेंबर असे मोठे हल्ले झाले. आतल्या इंग्रजांच्या लिखाणात जोहान्सच्या घरातून अचूक नेम धरणाऱ्या एका बंदूकवाल्याचा वारंवार उल्लेख येतो. तो नवाबाच्या दरबारातला हबशी होता असं ते सांगत. त्यांनी त्याला एक इंग्रजी टोपणनावही दिलं होतं. त्याचं खरं नाव कुणी लिहिलं नाही.

हा लढा हरला कसा, हेही मुलांना सांगायला हवं, नाहीतर आपण फक्त मर्सिया म्हणत बसू. हल्ल्यांमध्ये जोर होता, ताळमेळ नव्हता. बेगमेचा दरबार आणि मौलवी यांच्यात शेवटपर्यंत ओढाताण राहिली. ज्या मौलवींना इंग्रज फौज पकडू शकली नाही, त्यांना जून १८५८ मध्ये पवायांच्या राजाच्या गढीसमोर आपल्याच माणसानं गोळी घातली आणि राजानं त्यांच्या डोक्याचे ५०,००० रुपये घेतले. राजा जय लाल सिंह मात्र मौलवी आणि बेगमेच्या बाजूनं उभे राहिले म्हणून १ ऑक्टोबर १८५९ रोजी फासावर गेले. ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ धर्मावरून ठरवायला निघालेल्यानं ही दोन नावं शेजारी ठेवून पाहावीत.

१६ नोव्हेंबर १८५७ रोजी कॅम्पबेलच्या फौजेनं वाटेतल्या सिकंदर बागेत सुमारे २,००० शिपायांना कापून काढलं. बाहेर पडायला वाट नव्हती. पुढच्या वर्षी छायाचित्रकार फेलिस बीटो आला तेव्हा तिथे हाडं पडलेली होती, त्याचं छायाचित्र उपलब्ध आहे. आज तिथे पासी समाजाच्या ऊदा देवी यांचा पुतळा आहे. त्या २,००० माणसांच्या कबरी कुठे आहेत? रेसिडेन्सीच्या कब्रस्तानातून फिरताना हा प्रश्न मनातून जात नाही. इथे एकेका बाळाच्या नावाचा दगड आहे, तिकडे संख्यासुद्धा गोल आकड्यात.

मार्च १८५८ मध्ये इंग्रजांनी लखनौ पुरतं घेतलं. कैसरबागेची लूट ‘टाइम्स’चा बातमीदार विल्यम रसेल यानं डोळ्यांनी पाहिली आणि लिहिली. पण लुटीपेक्षा दूरवर टिकलेली गोष्ट दुसरीच होती. इंजिनिअर रॉबर्ट नेपियर यानं शहराचा नवा आराखडा केला. पुन्हा कधी गल्लीबोळांतून बंड उठू नये म्हणून फौजेला जाता येईल असे रुंद सरळ रस्ते दाट वस्तीतून कापले गेले आणि लष्कराच्या ठाण्यांभोवतीची जमीन मोकळी केली गेली. मोहल्ले, बाजार, हवेल्या, मशिदी पडल्या. मोठ्या इमामबाड्याच्या आवारात फौज राहायला आली. लॉरेन्सनं १८५७ मध्ये ज्या वास्तूंना हात लावू दिला नव्हता, त्यांच्यासाठी १८५८ नंतर कुणाचा हुकूम आडवा आला नाही.

म्हणून ही हिरवळ. वेढ्याच्या वेळी भिंतीला खेटून घरं होती, रस्ता ओलांडून माणसं एकमेकांना शिव्या देऊ शकत एवढी जवळ. आज तिथे मोकळी जागा, रस्ता, झाडी. इमारती मुद्दाम जशा पडल्या तशाच ठेवल्या, भोवती बाग केली आणि साम्राज्यातले प्रवासी दिल्ली, कानपूर, लखनौ अशी यात्रा करू लागले. मनोऱ्यावरचा युनियन जॅक रात्रीसुद्धा उतरवत नसत. तो उतरला १३ ऑगस्ट १९४७ च्या रात्री. काठीसुद्धा तोडली, बुंधा सिमेंटनं बुजवला, म्हणजे तिथे दुसरा झेंडा लागू नये. मनोऱ्याखाली उभं राहून ही हकिकत सांगताना मला हसू आलं आणि शेजारचे एक गृहस्थ वळून पाहू लागले.

स्वातंत्र्यानंतर दुसरी बाजू मांडायचा प्रयत्न झाला. १९५७ मध्ये शताब्दीला गोमतीच्या काठी, रेसिडेन्सीजवळच, संगमरवरी शहीद स्मारक उभं राहिलं. १९६२ मध्ये व्हिक्टोरिया पार्कला बेगम हजरत महल यांचं नाव दिलं. स्वतः बेगम १८७९ मध्ये काठमांडूला वारल्या, कबर तिथल्या जामा मशिदीजवळ आहे. बिठूरचे नानासाहेबही शेवटी नेपाळच्याच जंगलांकडे गेले होते. १८५८ च्या नोव्हेंबरमध्ये व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा निघाला तेव्हा बेगमेनं त्याला उलट जाहीरनाम्यानं उत्तर दिलं. त्यात तिनं विचारलं होतं की कंपनीनं मोडलेले तह राणी पाळणार असेल तर घेतलेली राज्यं परत का करत नाही. आणि हिंदुस्थानी माणसासाठी राणीकडे रस्ते बांधणं आणि कालवे खणणं यापेक्षा बरं काम नाही का, असा टोमणाही मारला होता. माझ्या मते हा मजकूर मराठी आणि उर्दू दोन्ही शाळांमध्ये शिकवावा. नुसत्या पुतळ्यानं बेगम कळत नाही, या कागदानं कळते.

तुम्ही गेलात, आणि जाच, तर एक दिवस पूर्ण ठेवा. आधी प्रतिकृती पाहा. मग आवाराच्या कडेकडेनं चाला, आतल्या इमारती नंतर. प्रत्येक मोर्चापाशी पाठ इमारतींकडे आणि तोंड बाहेर करून उभे राहा. मुलांकडून नकाशा काढून घ्या. बेगम कोठीजवळची मशीद आणि इमामबाडा चुकवू नका, कारण रेसिडेन्सी ही निव्वळ इंग्रजांची वस्ती नव्हती. युरोपीय वंशाची एक बेगम नवाब नसीरुद्दीन हैदर यांच्या घरात होती आणि या इमारतींशी तिच्या नातलगांचा संबंध आहे. दुपारी दुसऱ्या टोकाला शहीद स्मारकाशी बसा. ऊन उतरल्यावर सिकंदर बाग.

संध्याकाळी मुलीनं वही दाखवली. तिनं रेसिडेन्सीचा नकाशा काढला होता, दरवाजा, खजिना, चर्च, शाळेचा मोर्चा, सगळं नावांसकट. भिंतीच्या बाहेर कागद कोरा होता. तिनं तिथे पेन्सिलीनं जोहान्सचं घर लिहिलं, मग बरकत अहमद, मग ‘पासी, सुरुंग’, आणि दरवाजाच्या आतल्या बाजूला ‘कनौजी लाल’.

“लॉरेन्सचं उत्तर?” मी विचारलं.

“एक वर्ष थांबला असता तर कळलं असतं,” ती म्हणाली. “त्या मशिदी त्यानं पाडू दिल्या असत्या की नाही.”

मग तिनं मला विचारलं की आपल्याकडे जालन्याजवळ असईला १८०३ मध्ये वेलस्लीशी लढाई झाली होती ना, तिथे काय ठेवलंय पाहायला. पुढच्या सुट्टीत तिकडे जायचं ठरलं आहे.